आधी शेकांचं ठरवा, मग पुनर्रचनेचं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, की दोन प्रश्न एकाच आठवड्यात समोर येतात: रेडिएशनचे शेक घ्यायचे का, आणि काढलेला स्तन पुन्हा करून घ्यायचा का. पहिल्याचं उत्तर एक डॉक्टर देतो, दुसऱ्याचं दुसरा. दोघं एकमेकांशी बोललेले असतीलच असं नाही, म्हणून फाईल हातात असलेल्या बाईनेच ते बोलणं घडवून आणायचं असतं. शेकांचा निर्णय आधी व्हायला हवा, कारण पुनर्रचनेचा जवळजवळ प्रत्येक पर्याय त्यावर बदलतो.

ऑपरेशननंतर दहा-पंधरा दिवसांत हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्म तपासणीचा रिपोर्ट येतो. त्यात काखेतल्या गाठींचा (लिम्फ नोड्सचा) आकडा शोधा. तो 3/14 असा लिहिलेला असतो, म्हणजे तपासलेल्या चौदापैकी तीन गाठींत कॅन्सर सापडला. चार किंवा जास्त गाठींत कॅन्सर असेल, मूळ गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, कॅन्सर कातडीपर्यंत पोचला असेल किंवा कापलेल्या कडेला पेशी उरल्या असतील, तर स्तन पूर्ण काढला असला तरी शेक सांगितले जातात, आणि ते टाळू नयेत. एक ते तीन गाठी असताना मात्र खरी चर्चा होते. 2014 साली जुन्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या गटालाही शेकांचा फायदा दिसला होता. पुढे सुप्रिमो नावाच्या चाचणीत आजची केमो आणि हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या बायकांत दहा वर्षांनंतर जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून इथे वय, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ती पायरी), रक्तवाहिन्यांत पेशी दिसल्या का, गाठीच्या आवरणाबाहेर कॅन्सर आला का, हे सगळं एकत्र तोललं जातं. ऑपरेशनच्या आधी केमो झाली असेल तर केमोपूर्वीची सोनोग्राफी आणि बायोप्सी नक्की दाखवा. नंतर गाठी साफ दिसल्या तरी सुरुवातीला काय होतं ते मोजलं जातं. फक्त गाठ काढून स्तन वाचवला असेल तर शेक जवळजवळ ठरलेलेच. सत्तरीच्या आसपासच्या, लहान आणि हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) गाठ असलेल्या, गोळ्या नेमाने घेणाऱ्या बाईलाच ते टाळता येतात का हे विचारता येतं.

आता किती दिवस, हा कोकणातल्या घरांसाठी सगळ्यात मोठा प्रश्न. पूर्वी पाच आठवडे, 25 शेक असायचे. आता 15 शेकांत 40 ग्रे (ग्रे हे किरणांचं माप), म्हणजे तीन आठवडे, ही सर्रास पद्धत आहे. 2020 साली फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर पाच दिवसांत 26 ग्रे देण्याचाही मार्ग खुला झाला. सावंतवाडी किंवा गुहागरहून मुंबई, खारघर किंवा कोल्हापूरला जाऊन राहायचं तर तीन आठवडे आणि एक आठवडा यांत घरचं सगळं गणित बदलतं. तेव्हा ‘मला पाच दिवसांचं चालेल का?’ हे स्पष्ट विचारा. काखेला आणि गळ्याच्या हाडावरही शेक द्यायचे असतील किंवा पुनर्रचना झालेली असेल तर बरेच डॉक्टर पंधराच पसंत करतात, त्यालाही कारण आहे.

शेक सोमवार ते शुक्रवार असतात आणि मध्ये खंड पडू द्यायचा नसतो, कारण त्या सुट्टीत उरलेल्या पेशी वाढायची संधी घेतात. गणपती मधेच येत असतील तर ते आधीच सांगून तारखा पुढे-मागे करून घ्या. अर्धे शेक सोडून गावी जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो, म्हणून पावसाळ्यात रोज ये-जा करण्याचा बेत धरू नका. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलच्या सहीशिक्क्याचा ठराविक फॉर्म लागतो. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि नातेवाइकांची राहायची सोय आहे, पण खोली मिळायला वेळ लागतो.

शेकांपूर्वी नियोजनाचा सीटी स्कॅन होतो. त्यात हात डोक्यावर नेऊन निश्चल पडावं लागतं. गाठी काढायला काख उघडलेल्या बायकांचा खांदा इथेच अडतो आणि तारीख लांबते. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, निघाला (साधारण दोन दिवस सलग 30 मिलीच्या खाली आल्यावर काढतात) की डॉक्टरांना विचारून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा सुरू करा. डावा स्तन असेल तर खोल श्वास घेऊन तो वीसेक सेकंद रोखायची पद्धत विचारा. फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकतं. त्याचा सराव घरीच करता येतो.

कोकणातल्या दमट हवेत त्वचेचा त्रास जास्त होतो. घाम साचतो ती काखेची आणि स्तनाखालची घडी आधी सोलवटते. सुती, सैल ब्लाऊज घाला, साध्या पाण्याने धुऊन अलगद टिपा. खोबरेल, कोकमतेल, हळद यांतलं काहीही विचारल्याशिवाय लावू नका. शेकाच्या वेळी मंगळसूत्र काढून ठेवा. लाली शेक संपल्यावर आठवडा-दोन आठवडे वाढते, मग उतरते.

आता पुनर्रचना. सिलिकॉनचं इम्प्लांट घातलं आणि त्यावर शेक बसले, तर शरीर त्याभोवती बनवणारं आवरण आकसून कडक होतं, स्तन वर ओढला जातो, दुखतो. जंतुसंसर्ग होऊन इम्प्लांट काढावं लागण्याची शक्यताही स्पष्टपणे वाढते. शेक ठरलेले असतील तर माझं मत, शक्य असेल तिथे इम्प्लांट टाळा. फारच तर आत एक्स्पांडर (पाणी भरून फुगवायची तात्पुरती पिशवी) ठेवून, तो नियोजनाच्या स्कॅनआधी हव्या मापाला भरून, शेक संपेपर्यंत त्याच मापात ठेवतात. मधे पाणी भरलं किंवा काढलं तर नियोजन चुकतं. एक्स्पांडरच्या भरण्याच्या तोंडात धातू असतो, म्हणून एमआरआयच्या आधी ते सांगायला विसरू नका.

स्वतःच्या शरीरातलं मांस वापरलं तर ते शेकांनंतरच्या खराब झालेल्या त्वचेत रक्तपुरवठा आणतं, म्हणून शेकांनंतर सहा महिने ते वर्षभर थांबून हा मार्ग घेणं जास्त टिकाऊ. पोटाची त्वचा आणि चरबी वापरणारं डीआयईपी ऑपरेशन सहा-आठ तास चालतं, पहिले दोन-तीन दिवस तो भाग जिवंत आहे ना हे तासातासाला बघतात. नंतर सहा ते आठ आठवडे हंडा, भाताची पोती, मासळीची पाटी उचलायची नाही. पोटाचा स्नायूही घेतला (ट्रॅम) तर पोट कमकुवत होऊन हर्नियाचा धोका असतो, तेव्हा ओझ्याची कामं करणाऱ्या बाईने हे मोकळेपणाने सांगावं. पाठीचा स्नायू वापरला (लॅटिसिमस), तर हात वरून खाली ओढायची ताकद कमी होते. विहिरीतून दोर ओढणं, होडी वल्हवणं हे रोजचं असेल तर सर्जनला त्या शब्दांतच सांगा.

मिश्री सोडा. गुल, तंबाखू, पानातली सुरती, सगळंच. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि हलवलेलं मांस नेमकं त्याच वाहिन्यांवर जगतं. किमान चार आठवडे आधी थांबायला हवं. दात घासायच्या सवयीबद्दल विचारणार नाहीत, स्वतःहून सांगायचं.

सपाट छाती ठेवणं हाही पूर्ण निर्णय आहे, मागे पडल्याची खूण नाही. तो ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगितला तर जादा कातडीच्या घड्या न ठेवता सरळ शिवता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेकांचा खर्च बसतो. पुनर्रचना पॅकेजात बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

शेकांनंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, थोडा ताप, दम लागणं असं झालं तर गावच्या डॉक्टरला छातीवर शेक झाल्याचं सांगा. फुप्फुसाला आलेली ती सूज असू शकते, तिला खोकल्याचं औषध पुरत नाही, स्टेरॉइड लागू शकतं. काख उघडलेल्या बाजूच्या हाताला जखम होऊ देऊ नका. लावणीच्या चिखलात, विळीवर मासे कापताना, काजू फोडताना हातमोजा घाला. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि त्या जखमेतून शिरलेला जंतू हात सुजवतो. हात लाल, गरम, जड वाटला तर त्याच दिवशी दाखवा, अँटिबायोटिक लवकर सुरू झालेलं बरं.