आमची वाटचाल: लेस्टरबाहेरचे चार पंप

२००१ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बाहेर चार मशीनचा हा पेट्रोल पंप मी आणि काकांनी मिळून घेतला. काका म्हणजे माझे पार्टनर, १९७२ साली युगांडातून हाकलले गेल्यावर कंपालाहून इथं आलेले गुजराती गृहस्थ. मी साताऱ्याचा. हिशेब मी बघायचो, पण डिप, म्हणजे टाकीत काठी सोडून तेल मोजणं, ते काकाच घ्यायचे. टाकीला इलेक्ट्रॉनिक गेज होता, तरी टँकर रिकामा होण्याआधी आणि झाल्यावर ते काठीच्या टोकाला पेस्ट लावून स्वतः टाकीत सोडायचे. पेस्टचा रंग बदलला की तळाशी पाणी. काठी पुसायचं फडकंही त्यांचं वेगळं, दुसऱ्या कुणी घेतलं तर रागवायचे.

सुरुवातीची वर्षं बरी गेली.

२००८ च्या उन्हाळ्यात पाऊण मैलावर सुपरमार्केट उघडलं, सोबत बारा मशीनचा पंप. ५० पौंडांचा बाजार केला की लिटरमागे ५ पेन्स सूट. त्यांना पेट्रोलवर कमवायचंच नव्हतं, गाडी दारात आली की दूध, मटण, कपडे सगळं तिथंच विकलं जायचं. आमच्याकडं विकायला पेट्रोल आणि चॉकलेटं.

त्यातच जुलैत १४७ डॉलरला गेलेलं कच्चं तेल डिसेंबरात चाळिशीखाली आलं. आमचा खरेदीचा दर मागच्या आठवड्याच्या प्लॅट्स सरासरीवर; प्लॅट्स म्हणजे तेलाचे रोजचे घाऊक भाव जाहीर करणारी संस्था. सुपरमार्केटचा टँकर एका दिवसात संपायचा, आमचे ३६,००० लिटर नऊ दिवस पुरायचे. म्हणजे भाव लिटरमागे ३ पेन्सांनी उतरला की टाकीतल्या टाकीत १,०८० पौंड गेले. नोव्हेंबरात एका सकाळी त्यांच्या खांबावरचा भाव आमच्या खरेदीपेक्षा कमी होता. मी तीनदा बिल काढून बघितलं.

डिसेंबरात आमचा एक डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून पुरवठादाराला आपोआप जाणारा हप्ता, खात्यात पैसे नसल्यानं परत गेला. पुरवठादार म्हणाला, आता आधी पैसे, मग टँकर. मी विकायला निघालो होतो. काका तेव्हा एकसष्ट वर्षांचे. त्यांनी रात्रीची मिनीकॅब चालवायला घेतली, आठ महिने. ती कमाई टँकरच्या खात्यात भरली आणि स्वतःचा हिस्सा एकदाही मागितला नाही. पंप टिकला तो त्या आठ महिन्यांवर.

२०१३ साली पेट्रोल-डिझेलच्या बाजारावर सरकारी अहवाल आला: स्पर्धा नीट चालू आहे. त्याच अहवालात होतं की २००४ ते २०१२ दरम्यान देशातले पंप १०,८६७ वरून ८,६७७ वर आले आणि इंधनविक्रीतला सुपरमार्केटांचा वाटा २९ वरून ३९ टक्क्यांवर गेला. बंद पडलेल्यांत आमच्या ओळखीचे तिघे. पुढं जुलै २०२३ मध्ये कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं सांगितलं की २०१९ ते २०२२ मध्ये सुपरमार्केटांचा नफा लिटरमागे ६ पेन्सांनी वाढला. शेजारचे पंप बंद पडले की स्वस्ताई किती दिवस टिकते, हे आम्ही २००८ पासून ओरडून सांगत होतो. काका २०१९ मध्ये गेले. त्यांना हे वाचायला मिळालं नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो. करार करताना प्लॅट्सची सरासरी किती दिवसांची धरलीय ते आधी बघा. भाव उतरत असतील तर अर्धाच टँकर मागवा, वाहतूक महाग पडली तरी चालेल. आणि गेज कितीही नवा असो, ड्रायव्हरनं पाइप जोडण्याआधी डिप घ्या.