प्लास्टिक टाळून घरचा कॉफी मेकर: गरम पाण्याची वाट

मागच्या नोंदीत कॉफी मेकरची यादी पाच-सहा पर्यायांवर आणून ठेवली होती. आता निवड जवळजवळ पक्की झाली आहे, म्हणून इथवर कशी आले ते सविस्तर लिहिते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. सकाळी चार कप कॉफी लागते, दोन दुधाच्या आणि दोन काळ्या. मला बटण दाबलं की होणारी कॉफी हवी होती आणि उकळतं पाणी प्लास्टिकला लागायला नको होतं. या दोन अटी एकत्र बसवताना खरी दमछाक झाली.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच करत होते. दुकानात मशीन हातात घ्यायचं, टाकी प्लास्टिकची दिसली की परत ठेवायचं. मग ओळखीतून एक बंद पडलेलं जुनं ड्रिप मशीन मिळालं आणि ते मी उघडलं. तळाचे स्क्रू काढल्यावर आत जे दिसलं त्याने माझा सगळा हिशेब बदलला.

आत पंप नसतोच. घोड्याच्या नालेसारखी वळवलेली अॅल्युमिनियमची एक नळी असते, तिला चिकटून तापणारी कॉइल. टाकीतून एक सिलिकॉनची नळी खाली येते आणि वाटेत एकाच दिशेने उघडणारी छोटी झडप असते. पाणी त्या नालेत तापून उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि झडपेमुळे मागे जाता येत नाही म्हणून ते बुडबुडे पाण्याला दुसऱ्या नळीतून वर ढकलतात. शेवटी जी गुरगुर ऐकू येते ती टाकी रिकामी झाल्याची आणि नळीत नुसती वाफ उरल्याची. कॉफीचं भांडं गरम ठेवणारी तबकडीही त्याच कॉइलवर तापते.

म्हणजे टाकीतलं पाणी शेवटपर्यंत जवळजवळ गारच असतं. प्लास्टिक जिथे डोळ्यांना खुपतं तिथे ते सगळ्यात कमी काम करतं. खरा प्रश्न नालेनंतर सुरू होतो: वर जाणारी नळी, पाणी शिंपडणारी चकती, पावडरीची टोपली, टोपलीखालची थेंब अडवणारी स्प्रिंगची झडप, आणि भांड्याचं झाकण. या पाच ठिकाणी पाणी नव्वदीच्या घरात असतं. त्यातही टोपलीत ते सगळ्यात जास्त वेळ थांबतं, पावडरीसकट, चार-पाच मिनिटं.

म्हणून आता मी कुठल्याही मशीनला एकच प्रश्न विचारते: गरम पाणी कशाकशाला लागतं आणि किती वेळ? टॉर्च घेऊन टोपली उलटी केली तर बऱ्याचदा तळाशी बारीक ठसा सापडतो. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ‘पीए’ म्हणजे नायलॉन, ‘पीसी’ म्हणजे पॉलिकार्बोनेट. त्रिकोणातला आकडा असेल तर ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा. ७ म्हणजे ‘इतर’, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि बाकी बरंच काही, त्यामुळे ७ बघून काहीच ठरत नाही. ठसाच नसेल तर मी ते मशीन सोडून देते. जो भाग उकळत्या पाण्याखाली बसवलाय तो कशाचा आहे हे सांगण्याइतकी मेहनत तरी घ्यायला हवी.

बडोद्यात प्लास्टिकबद्दल विचारायला माणूस शोधावा लागत नाही. १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी सुरू झाली, पुढे २००२ मध्ये ती रिलायन्सच्या हाती गेली आणि २००७ मध्ये विलीन झाली. पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘पेट्रोकेमिकल्स’ एवढंच. इथलं पॉलिप्रॉपिलीन ‘कोयलीन’ नावाने देशभर जायचं. शेजारच्या काकांची सगळी नोकरी तिथेच झाली. त्यांच्यापुढे टोपली ठेवली आणि डब्यावरचं ‘बीपीए फ्री’ दाखवलं. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, पॉलिकार्बोनेट बनवताना लागणारं रसायन.

“अगं, पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए कधी नव्हतंच,” काका म्हणाले. “प्रॉपिलीन वायूपासून होतं ते. बिस्फेनॉलचा तिथे संबंध काय? पॉलिकार्बोनेट असेल तर विचार.”

“मग पीपी असलं की निर्धास्त?”

“रेझिन, म्हणजे कच्चं प्लास्टिक वेगळं आणि वस्तू वेगळी. उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात काही घालतात, रंगासाठी मास्टरबॅच, म्हणजे दाट रंगाचे दाणे घालतात. कुणी काय घातलं ते वरून कळत नाही. रंग नसलेलं घे, जुनं झालं की बदल, आणि चरे पडेपर्यंत घासत बसू नकोस.”

हे मला फार मोलाचं वाटलं. ‘बीपीए फ्री’ वाचून आपण खूश होतो, पण पीपीच्या टोपलीवर त्या शब्दांनी नवीन काहीच कळत नाही. पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत मात्र काळजी खरी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली, आणि २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी २०१५ च्या भारतीय मानकाने पॉलिकार्बोनेट वगळलं आहे. कॉफी मेकरमध्ये ते शोधायचं असेल तर पारदर्शक, कडक, काचेसारख्या दिसणाऱ्या भागांकडे बघा.

पीपीबद्दल माझी अडचण बीपीएची नाही, बारीक कणांची आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाळबाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांचं असताना लिटरमागे सहा लाखांच्या आसपास कण सुटत होते, ९५ अंशांना ते साडेपाच कोटींपर्यंत गेले. त्याच वर्षी आयआयटी खरगपूरच्या गटाने दाखवलं की कागदी कपात गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या थरातून १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्मकण उतरतात. कण सापडले म्हणजे अपाय सिद्ध झाला असं नाही, शरीरात त्यांचं काय होतं यावर अजून काम चालू आहे. पण तापमान वाढलं की कण किती पटींनी वाढतात हे एवढं स्पष्ट असताना रोज सकाळी ९५ अंशांचं पाणी प्लास्टिकमधून गाळायला माझं मन घेत नाही.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणीही सांगते. टोपलीचं भोक बंद करून तिच्यात उकळतं पाणी ओतायचं, वर स्टीलची ताटली झाकायची. तेच पाणी काचेच्या पेल्यात घेऊन त्यावरही ताटली. दहा मिनिटांनी दोन्ही ताटल्या उचलून आधी वास घ्यायचा, मग पाणी कोमट झाल्यावर एकेक घोट. यातून कण कळत नाहीत, पण टोपलीचा वास कॉफीत उतरणार का ते लख्ख कळतं. त्या जुन्या मशीनच्या काळ्या टोपलीतल्या पाण्याला रेनकोटसारखा वास आला. जिला टोपलीच धरायला लावली होती त्या माझ्या मुलीने तर घोट घ्यायलाच नकार दिला.

आता उमेदवार.

एरोप्रेस, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायची नळी, मला मनापासून आवडतो. अॅलन अॅडलर यांनी २००५ मध्ये तो आणला तेव्हा पॉलिकार्बोनेटचा होता, आता साधा एरोप्रेस पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्यात पाणी मिनिट-दोन मिनिटंच राहतं आणि अॅडलर स्वतः ८० अंशांचं पाणी सुचवतात. प्रवासाच्या पिशवीत तो राहील. रोजच्या चार कपांना नाही.

मोका पॉट गॅसवर ठेवतात, वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढतं आणि कॉफी दाट होते. स्टीलचा घेतला तर आत फक्त रबर किंवा सिलिकॉनची चकती. चांगला पर्याय आहे, पण आमच्या काळ्या कॉफीवाल्यांना ती जड पडते. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या दाबून पावडर खाली बसवायच्या भांड्यात, झाकण उलटं करून पाहा, काचेच्या भांड्यावरही आतून प्लास्टिक असतं आणि वाफ तिथे साचून परत कॉफीत ठिबकते. पूर्ण स्टीलचा मिळतो. तो मी वेगळ्याच कारणाने सोडला: सासूबाईंचं कोलेस्टेरॉल. धातूच्या जाळीतून कॉफीचं तेल खाली उतरतं, त्यातलं कॅफेस्टॉल एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं, आणि कागदी गाळणीत ते बरंचसं अडकतं. प्लास्टिक टाळायच्या नादात आपण सगळे धातूच्या जाळीकडे वळतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

बटणाच्या मशीनमध्ये डच मोकामास्टरपर्यंत जाऊन आले. त्याची कॉइल तांब्याची, पाणी योग्य तापमानाला, बांधणी दुरुस्त करता येण्यासारखी. पण टोपली प्लास्टिकचीच. एवढे पैसे घालून माझा मुख्य प्रश्न तिथेच राहणार असेल तर नको. बटण दाबून प्लास्टिकशिवाय कॉफी देणारं एक यंत्र आहे, पूर्ण स्टीलचा विजेवरचा पर्कोलेटर. त्यात झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा वर जाऊन पावडरीवर पडत राहते. माझ्या जिभेला ती जळकी लागते. ज्यांना चालते त्यांनी खुशाल घ्यावा.

ग्राइंडरच्या प्लास्टिकबद्दल मी काळजी करत नाही. बिया कोरड्या आणि गार असतात.

राहिले दोन. दुधाच्या कॉफीसाठी दक्षिणी स्टीलचा फिल्टर. दोन डबे, एक दाबायची चकती, एक झाकण. सिलिकॉन नाही, रबर नाही, नळी नाही, बिघडायला काहीच नाही. मांडवीकडच्या भांड्यांच्या दुकानात गेले तर दुकानदाराने लगेच चुंबक काढलं. “बेन, जुओ, चोंटतुं नथी. त्रणसो चार छे.” म्हणजे ३०४ नंबरचं स्टील. चुंबक चिकटत नाही हे खरं, पण २०२ नंबरच्या स्टीललाही ते चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबकाने हा फरक कळत नाही, म्हणून तळावर ३०४ चा ठसा असलेलाच घेतला. काही फिल्टरच्या झाकणाची घुंडी काळ्या प्लास्टिकची असते, तेवढं बघून घ्या. पितळेचाही सुंदर होता, पण त्याला कल्हई लागते आणि कल्हईवाला आता शोधावा लागतो. पावडर चिकोरी घातलेली घेतो. चिकोरी आपल्या गुजरातेतही पिकते, पण बऱ्याच जणांना वाटतं ती कूर्गहूनच येते.

काळ्या कॉफीसाठी चिनी मातीचा कोन आणि कागदी गाळणी. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, त्याचा वासही जातो आणि कोनही तापतो. चिनी माती पाण्याची उष्णता ओढून घेते, त्यामुळे कोन तापवल्याशिवाय कॉफी आंबट उतरते. प्रमाण अर्ध्या लिटरला ३० ग्रॅम, चिकमगळूरची मध्यम भाजलेली. आधी ६० मिलिलिटर पाणी ओतून अर्धा मिनिट पावडर फुगू द्यायची, मग उरलेलं दोन-तीन धारांत. सगळं साडेतीन मिनिटांच्या आसपास उरकलं पाहिजे. लवकर उरकलं तर दळण आणखी बारीक, रेंगाळलं तर जाड.

किटलीने मात्र खूप वेळ खाल्ला. विजेच्या किटल्या बाहेरून स्टीलच्या दिसतात. झाकण उघडून आतली बाजू बघा, बहुतेक वेळा तिथे प्लास्टिक. पाणी उकळलं की त्यावर थेंब जमतात आणि परत आत पडतात. पाण्याची पातळी दाखवणारी खिडकी असेल तर ती थेट उकळत्या पाण्यात. खिडकी नसलेली, झाकणाची आतली बाजू स्टीलची, आणि चोचीत प्लास्टिकची जाळी नसलेली अशी किटली हवी होती. शेवटी गॅसवर ठेवायची, बारीक चोचीची स्टीलची किटली घेतली. तिच्यावर तापमानाचा काटा नाही. बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम उंचीवर, त्यामुळे पाणी शंभराच्या अगदी जवळ उकळतं. गॅस बंद करून कागद धुवेपर्यंत ते ९२ ते ९६ च्या पट्ट्यात येतं, थर्मामीटर घालून पाहिलं आहे. किटलीत पांढरा थर धरायला लागला की लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड) घालून पाणी उकळते.

बटण गेलं. त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. रात्रीच पावडर मोजून झाकून ठेवते आणि फिल्टरमध्ये डिकॉक्शन लावून झोपते, त्यामुळे सकाळी फक्त काळ्या कॉफीचं ओतणं उरतं आणि ते आता यजमानांनी अंगावर घेतलं आहे. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

एक काम बाकी. चार मिनिटं ओतताना खालचं काचेचं भांडं गार होतं. थर्मास लावायचा तर बहुतेकांच्या बुचाची आतली बाजू प्लास्टिकची, आणि तिथे गरम कॉफी तासभर टेकून राहणार. आतून स्टीलचं बूच असलेला शोधते आहे. तोवर ओतायच्या आधी काचेचं भांडं गरम पाण्याने विसळून घेतो.