केस कापले त्या वर्षी

रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये ‘यांचे सुरुवातीचे काम चांगले होते’ या वाक्याला मरण नाही, आणि मेटालिका या अमेरिकी बँडच्या वाट्याला ते जितके आले तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आले असेल. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये ड्रमवादक लार्स उलरिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड यांनी हा बँड उभा केला. १९८३ साली पहिला आल्बम आला आणि १९८४ साली, म्हणजे दुसऱ्याच आल्बमच्या वेळी, ‘हे बदलले’ अशी कुरकुर सुरू झाली. गुन्हा काय, तर ‘फेड टू ब्लॅक’ हे गाणे अकूस्टिक गिटारवर संथपणे सुरू होते. एवढ्या एका वर्षात ज्यांचा सुवर्णकाळ सुरू होऊन संपतोही, त्यांनी पुढे चाळीस वर्षे काय काय ऐकून घेतले असेल याची कल्पना करावी.

पुढचा आरोप १९८९ सालचा. तोपर्यंत या मंडळींनी एकाही गाण्याचा व्हिडिओ काढला नव्हता, आणि चाहत्यांना त्याचा केवढा अभिमान! टीव्हीवर दिसत नाही तो आपला, अशी ती निष्ठा होती. मग ‘वन’ या गाण्याचा व्हिडिओ आला आणि काहींनी तेव्हाच ‘विकले गेले’ असा निकाल देऊन टाकला. जे गाणे हातपाय, दृष्टी, वाचा आणि श्रवण गमावलेल्या सैनिकाबद्दल आहे, ते टीव्हीवर दाखवून कोणी काय कमावणार होते हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाला पडलेला दिसत नाही.

माझ्या मते खरे वळण आले ते १९९१ साली, ‘ब्लॅक आल्बम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या मुखपृष्ठाच्या आल्बमबरोबर. हे वळण किती मोठे होते हे समजण्यासाठी हेटफिल्डच्या उजव्या हाताकडे पाहावे लागते. गिटारवर वेगाने वाजवायचे असेल तर सामान्यतः पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेवर खाली आणि वर असा दोन्हीकडे चालवतात, त्यात अर्धे श्रम वाचतात. हेटफिल्ड मात्र ‘मास्टर ऑफ पपेट्स’सारखे कमालीचे वेगवान गाणेही बहुतेक केवळ खालच्या दिशेच्या आघातांनी वाजवतो, आणि त्याच वेळी तळहाताची कड तारांवर टेकवून प्रत्येक सूर जन्मतःच दाबून टाकतो. त्यामुळे प्रत्येक आघात सारख्याच वजनाचा पडतो. शिवाय त्या काळच्या आल्बममध्ये ऱ्हिदम गिटारचे, म्हणजे गाण्याचा कणा धरणाऱ्या साथीच्या गिटारचे, सगळे थर तो एकटाच, एकावर एक, तंतोतंत जुळवून वाजवत असे. चाहते ज्याला मेटालिकाचा ‘आवाज’ म्हणतात तो मुख्यतः हा आहे: एकाच माणसाचे एकच मनगट, अनेक वेळा.

१९८८ सालच्या आल्बममध्ये या पद्धतीची परिसीमा झाली. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे, ताल दर काही क्षणांनी कूस बदलणारा, आणि प्रत्यक्ष मैफलीत ही गाणी वाजवताना श्रोते कंटाळतात हे खुद्द बँडच्याही लक्षात आलेले. म्हणून बॉब रॉक या निर्मात्याला आणले गेले, गाणी पाच-सहा मिनिटांत बसवली गेली, वेग उतरला, हेटफिल्डने ओरडणे कमी करून गाणे वाढवले, आणि ‘नथिंग एल्स मॅटर्स’ला संगीतकार मायकेल केमन यांच्याकडून ऑर्केस्ट्राची साथ लिहून घेतली गेली. अमेरिकेत या आल्बमच्या दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या. थ्रॅश मेटल या त्यांच्या अतिवेगवान शैलीतून ज्या दिवशी वेग काढून घेतला त्याच दिवशी दिशा बदलली होती. पण आश्चर्य असे की सर्वांत मोठा गदारोळ त्या वर्षी झाला नाही. तो पाच वर्षांनी, १९९६ साली ‘लोड’ हा आल्बम आला तेव्हा झाला, आणि त्याचे पहिले कारण असे की चौघांनी केस कापले होते.

हे मी थट्टेने लिहीत नाही. आल्बमच्या पुस्तिकेत अँटन कॉर्बेन यांनी काढलेली छायाचित्रे होती. त्यांत आखूड केस, डोळ्यांत काजळ, झकपक कोट असा सगळा थाट होता. बँडच्या नावाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला जी भाल्यासारखी लांब टोके होती, तीसुद्धा छाटली गेली. चाहत्याला प्लेअर सुरू करण्याआधीच दगा झाल्यासारखे वाटले. वास्तविक आतल्या संगीतातही तक्रारीला पुष्कळ जागा होती. गिटारी अर्ध्या सुराने खाली उतरवल्या होत्या, ब्लूज आणि कंट्रीची सरमिसळ होती, आणि ऱ्हिदम गिटारचे काम प्रथमच बँडचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट यानेही वाटून घेतले होते, म्हणजे ते प्रसिद्ध ‘एकच मनगट’ राहिले नव्हते. आवाजातला फरक खरोखर येथे आहे. पण त्या काळच्या चाहत्यांची चिडचिड ऐकली तर दहापैकी नऊ वाक्ये केसांवर आणि काजळावर संपतात. कान जे पाच वर्षांपूर्वीच निमूटपणे पचवून बसले होते, ते डोळ्यांना मात्र सहन झाले नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती मला मजेदार वाटते. केबल टीव्ही आणि एमटीव्ही आपल्या घरात शिरले ते नव्वदच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे ऐन ‘ब्लॅक आल्बम’च्या काळात. त्यामुळे पुण्या-मुंबईत माझ्या पिढीतील पुष्कळांनी ऐकलेला पहिला मेटालिका हा अमेरिकेतील जुन्या निष्ठावंतांच्या हिशेबी आधीच बाटलेला मेटालिका होता. मागचे आल्बम आम्ही नंतर, उलट्या क्रमाने ऐकले. तेही बहुधा कोणा मित्राच्या दादाने भरून दिलेल्या कॅसेटवर, ज्यात १९८६ची तीन गाणी आणि १९९६ची दोन गाणी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असत. ज्याने दहा वर्षे वाट पाहिली नाही त्याचा विश्वासघात कसा होणार? तरीही ‘लोड’पासून बँड संपला हे मत आम्ही पूर्ण खात्रीने मांडत असू, कारण दादाने तसे सांगितले होते. कॅसेटबरोबर मतही भरून मिळत असे.

गिटार शिकणाऱ्यांचे तर आणखीच वेगळे. आमच्या आसपासच्या प्रत्येक होतकरू वादकाने हॉस्टेलच्या जिन्यात किंवा गच्चीवर ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची सुरुवात वाजवलेली आहे, कारण ती मोकळ्या तारांवर आहे: सर्वांत खर्जातील तार, मग तिसरी, दुसरी आणि पहिली. डाव्या हाताला काही काम नाही. हेटफिल्ड एका हाताने फोन धरून बोलत असताना दुसऱ्या हाताने ते सुचले, अशी हकिगत बँडनेच सांगितलेली आहे. तीच मुले दोन वर्षांनी, बोटे जरा वळू लागली की, हेच गाणे ‘कमर्शियल’ म्हणून मोडीत काढत. ज्या पायरीवरून वर चढलो तिला लाथ मारण्याचा हा उद्योग फक्त रॉकमध्येच चालतो असे नाही. गाण्याच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी ‘आता घराण्याची शिस्त राहिली नाही’ म्हणणाऱ्यांचीही सुरुवात एखाद्या लोकप्रिय अभंगानेच झालेली असते.

या सगळ्यामुळे चाहत्यांची मते म्हणजे केवळ अभिनिवेश, असे मात्र मी मानत नाही. चाहता जेव्हा निष्ठेची भाषा सोडून कानाची भाषा बोलतो तेव्हा तो सहसा बरोबर असतो, आणि पुष्कळदा समीक्षकांच्याही आधी बरोबर असतो. १९८८च्या आल्बममध्ये जेसन न्यूस्टेडची बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार घ्या. क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण आल्बममध्ये त्याला पुसून टाकले गेले. तरीसुद्धा हा आल्बम जुन्या चाहत्यांना प्रिय आहे. काहींनी तर बेसचा आवाज वाढवून त्याच्या आपापल्या आवृत्त्या तयार केल्या. एखाद्या गोष्टीवर प्रेम करत करत तिची दुरुस्ती हाती घ्यावी, याहून चांगली टीका मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण ‘सेंट अँगर’चे. न्यूस्टेड २००१ साली बँड सोडून गेला होता, हेटफिल्ड व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन परतला होता, आणि २००३ साली हा पाऊण तासाहून कितीतरी लांब, संतप्त आल्बम आला, ज्यात हॅमेटचा एकही गिटार सोलो, म्हणजे एकट्याने रंगवलेला तुकडा, नाही. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो स्नेअर ड्रम. या ड्रमच्या खालच्या पडद्याला धातूच्या बारीक तारांची जाळी असते. ती घट्ट बसवली की टणक, करकरीत आवाज येतो, आणि बाजूची कळ दाबून सैल सोडली की नुसते पोकळ भांडे उरते. उलरिकने ती सैल ठेवली. परिणामी सव्वा तास कोणीतरी शेजारच्या गच्चीवर पत्र्याचा डबा बडवत असल्यासारखे वाटते. चाहत्यांनी बॉब रॉक यांना काढा म्हणून सह्यांची मोहीम चालवली, आणि काही वादकांनी तर पुढे सगळा आल्बम नव्याने वाजवून काढला. मला हा आल्बम आवडत नाही, पण तो लाचारीने केलेला नाही हे दिसते. विकले जायचे असते तर त्यांनी कळ दाबून तारा ताणल्या असत्या, खर्च शून्य होता.

मग २००८ साली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. वेग परत आला, लांब गाणी परत आली, सोलो परत आले; म्हणजे चाहत्यांनी वीस वर्षे जे मागितले ते सगळे ताटात वाढले गेले. आणि लगेच तक्रार आली की ध्वनी इतका दाबून मोठा केला आहे की तो फाटतो. यावर ‘यांना काही केल्या समाधान नाही’ असे कोणीही म्हणेल. पण तक्रार खरी होती. त्याच सुमारास एका गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी आली होती, आणि गेमातील आवाज सीडीपेक्षा स्वच्छ आहे हे चाहत्यांनीच हेरले. हजारोंनी सह्या करून आल्बम पुन्हा मिक्स करण्याची मागणी केली. मुले टीव्हीसमोर बसून प्लॅस्टिकच्या खोट्या गिटारीवर जे ऐकत होती ते, पैसे मोजून घेतलेल्या आल्बमपेक्षा चांगले निघावे, यात बँडला वाईट वाटण्यासारखे पुष्कळ आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी ‘लोड’च्या बाजूचा आहे, आणि हे मत मित्रमंडळींत एकट्याने सांभाळावे लागते. चौदा गाणी आणि एकोणऐंशी मिनिटे हे अति झाले, पाचेक गाणी सहज वगळता आली असती, हे मला मान्य आहे. परंतु शेवटचे गाणे ‘दि आउटलॉ टॉर्न’ हे ‘ब्लॅक आल्बम’मधील कोणत्याही गाण्यापेक्षा मोठ्या आवाक्याचे आहे. त्यात बेस ठळक ऐकू येतो, न्यूस्टेडला अखेर जागा मिळते. कडव्यांत हेटफिल्ड जवळजवळ कुजबुजतो आणि उत्तरार्धात शब्द संपल्यावर दोन्ही गिटारी घाई न करता एकमेकींशी बोलत राहतात. सीडीच्या मर्यादेत मावेना म्हणून त्याचा सुमारे एक मिनिटाचा शेवट कापावा लागला होता, आणि पुढे एका सिंगलबरोबर ते पूर्ण, पावणेअकरा मिनिटांचे प्रसिद्ध झाले. बँडने लांब गाणी सोडली म्हणून जे रुसले, त्यांच्यापैकी किती जण तेराव्या गाण्याच्या पुढे गेले होते याची मला शंका आहे. ऐकायचे असेल तर ते पूर्ण रूपच ऐकावे, आणि पुस्तिकेतील छायाचित्रे पाहू नयेत.