बाई, परत एकदा रेकॉर्ड करू?

मी प्राथमिकला शिकवते, बहुतेक वेळा तिसरीचा वर्ग असतो माझ्याकडे, आणि गेली काही वर्षं मी मुलांकडून डिजिटल गोष्टी करून घेतेय. नाव मोठं आहे पण काम साधं आहे. मुलाने स्वतःची एक छोटी गोष्ट लिहायची, तिची पाच-सहा चित्रं काढायची, चित्रांचे फोटो काढायचे, स्वतःच्या आवाजात गोष्ट वाचून रेकॉर्ड करायची आणि सगळं जोडून मिनिटभराचा व्हिडिओ करायचा. झालं. याबद्दल कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ॲप कुठलं वापरता? आणि मला दरवेळी वाटतं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा, कारण मुलाच्या वाचन-लेखनात जे काही घडतं त्यातलं निम्म्याहून जास्त टॅब हातात येण्याच्या आधी घडलेलं असतं आणि उरलेलं त्या रेकॉर्डच्या बटणापाशी.

एका मुलीचं सांगते. तिला अक्षरं सगळी यायची, काना-मात्रा-वेलांटीत चूक नाही, जोडाक्षरंसुद्धा बऱ्यापैकी. पण वाचायला उभी राहिली की शब्दावर बोट ठेवून एकेक शब्द सुटा, सगळे एकाच सुरात, जणू काही यादी वाचतेय. उतारा संपल्यावर विचारलं काय झालं गोष्टीत, तर गप्प. तिने लिहिलेली गोष्ट होती तिच्या पडलेल्या दाताची. "माझा दात हलत होता. मी जिभेने ढकलला. तो पडला. पण कुठे पडला ते दिसलंच नाही." अशी सुरुवात. पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा नेहमीसारखंच वाचलं, शब्द, शब्द, शब्द. मग मी काही न बोलता तिला हेडफोन दिला. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला, आधी म्हणाली, "बाई, ही मी आहे?" आणि मग जरा वेळाने, "पण हे गोष्ट सांगितल्यासारखं नाही वाटत."

बघा, हे वाक्य मी तिला वर्षभर वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते. नीट वाच, अर्थ लक्षात घेऊन वाच, चढउतार दे. काहीही उपयोग झाला नव्हता कारण वाचताना मुलाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नसतो, सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात गेलेलं असतं. रेकॉर्डिंगमुळे वाचणारी आणि ऐकणारी वेगळ्या झाल्या. त्यानंतर तिने तीच गोष्ट पुन्हा केली, परत ऐकली, परत केली. मी मोजत होते, नवव्या वेळी तिने "तो पडला" म्हटलं आणि थांबली. चांगली थांबली. आणि मग हळू आवाजात "पण कुठे पडला". हा थांबा तिला कुणी शिकवला नव्हता. मग मलाच विचारायला आली की इथे थांबायचं हे लक्षात राहायला कागदावर काही खूण करता येते का, तेव्हा मी तिला तिनेच दिलेल्या पूर्णविरामावर बोट ठेवून दाखवलं की खूण तर तू आधीच केलीयस. पूर्णविराम म्हणजे वाक्य संपलं की द्यायचा ठिपका, एवढंच तिला माहीत होतं. तो वाचणाऱ्यासाठी असतो हे तिला त्या दिवशी कळलं.

तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचल्याने ओघ येतो ही काही नवी गोष्ट नाही. एस. जे सॅम्युअल्स या अमेरिकन अभ्यासकाने 1979 साली यावरच लिहिलं होतं, छोटा उतारा घ्यायचा आणि पुरेशा सहजपणे वाचता येईपर्यंत परत परत वाचायचा. अक्षरं ओळखण्याचं काम आपोआप व्हायला लागलं की डोकं अर्थाकडे द्यायला मोकळं होतं, असा त्यामागचा विचार. पटतं ना? पण आठ वर्षांच्या मुलाला धड्यातला तोच उतारा नऊ वेळा वाचायला सांगून बघा. तिसऱ्या वेळी ते पाठ म्हणून दाखवेल नाहीतर खिडकीबाहेर बघत बसेल. इथे मात्र तेच मूल स्वतःहून येऊन विचारतं, बाई, परत एकदा रेकॉर्ड करू? माझ्यासाठी डिजिटल गोष्टीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, पुन्हा वाचायला खरंखुरं कारण मिळतं.

लिहिण्याचंही तसंच. एक मुलगा तोंडी गोष्टी इतक्या रंगवून सांगायचा की बाकीची मुलं खेळ सोडून ऐकत बसायची, पण वहीत दोन ओळी. त्याला मी म्हटलं तू नुसतं सांग, आपण रेकॉर्ड करू, मग ऐकत ऐकत लिही. थोडं ऐकायचं, थांबवायचं, तेवढं लिहायचं, परत ऐकायचं. दोन तास लागले त्याला पण एक पान भरलं, आणि तेव्हा त्याला दिसलं की जवळपास प्रत्येक वाक्य "मग" ने सुरू होतंय. मग तो गेला, मग तो पडला, मग तो उठला. त्याने स्वतः पेन्सिलने गोल करून मोजले, सतरा मग. सांगताना ते कळत नाही कारण हात हलतात, डोळे मोठे होतात, आवाज बदलतो, कागदावर यातलं काहीच नसतं. मग आम्ही बसलो की दोन घटना जोडायला दुसरे कुठले शब्द आहेत, तेवढ्यात, म्हणून, पण, इतक्यात, शेवटी. "म्हणून" आणि "मग" यात फरक काय यावर तर वर्गात चांगलीच चर्चा झाली, एक घटना दुसरीच्या नंतर झाली की दुसरीमुळे झाली. व्याकरणाच्या तासाला मी हे शिकवलं असतं तर इतकं लक्ष कुणी दिलं असतं असं मला नाही वाटत.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाबद्दल एक साधं सूत्र मांडलं होतं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. माझ्या डोळ्यासमोर ही दोन मुलं येतात, एकीला अक्षरं पक्की येत होती पण कानाला गोष्ट ऐकू येत नव्हती, दुसऱ्याकडे भाषा भरभरून होती पण ती कागदावर उतरत नव्हती. एकाच उपक्रमातून दोघांना आपापली अडलेली बाजू सापडली हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पहिल्या वर्षी माझं चुकलं ते सांगते, कारण बरेच जण तिथेच अडकतात. मी टॅब आधी दिले. दोन तास मुलं अक्षरांचे रंग बदलत होती, चित्र फिरत येतं की उडी मारत येतं हे बघत होती, आणि शेवटी हातात चकचकीत व्हिडिओ आले ज्यात गोष्ट नव्हती. तेव्हापासून नियम एकच, आधी कागद. एका कागदावर सहा चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र, खाली एक किंवा दोन वाक्यं, आणि पूर्ण गोष्ट साठ ते ऐंशी शब्दांत. शब्दांची मर्यादा घातली की मुलं स्वतःच काटछाट करायला शिकतात, हे वाक्य चित्रातच दिसतंय मग लिहायचं कशाला, असा प्रश्न एकदा मुलाच्या तोंडून आला की समजा अर्धं काम झालं. चौकोनांच्या कागदाचा अजून एक फायदा म्हणजे गोष्टीतलं भोक लगेच दिसतं. तिसऱ्या चौकोनात कुत्रा हरवलाय आणि चौथ्यात तो घरी झोपलाय, मधे काय झालं? हा प्रश्न शेजारी बसलेलं मूलच विचारतं, मला विचारावा लागत नाही.

हा प्रकार मुळात शाळेसाठी सुरू झालाच नव्हता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात जो लँबर्ट, डेना ॲचली वगैरे मंडळींनी साध्या माणसांसाठी कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट स्वतःच्या आवाजात, फोटो जोडून, दोन-तीन मिनिटांत. चांगल्या गोष्टीत काय काय लागतं याचे त्यांनी जे घटक सांगितले त्यात स्वतःचा आवाज हा एक वेगळा घटक आहे आणि मोजकेपणा हाही. शिक्षक मंडळींनी ते नंतर वर्गात आणलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका लहान मुलांना विचारायच्या, तुला आज कुठला शब्द हवाय? मूल म्हणेल तो शब्द, आई किंवा भूत किंवा आणखी काही, कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या आणि वाचनाची सुरुवात तिथून. कॉम्प्युटर नव्हता, काही नव्हतं, पण शब्द मुलाचा होता. मला तर वाटतं आपण टॅबवर करतो ते याचंच पुढचं पाऊल आहे.

रेकॉर्डिंगचं थोडं. पंखा बंद करा, तो कानाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. एकेका चित्राचं वेगळं रेकॉर्डिंग करा म्हणजे एक चूक झाली तर सगळं परत करावं लागत नाही आणि बिचकणारं मूल रडकुंडीला येत नाही. पार्श्वसंगीत मी देतच नाही, त्याखाली उच्चार दबतात. मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं व्हिडिओत नकोत, आणि पालकांना विचारल्याशिवाय वर्गाबाहेर पाठवायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकते.

आणि मोठ्यांनी हात लावायचा नाही! हे मी अगदी कळकळीने सांगतेय. स्पर्धा असते, कार्यक्रम असतो, पाहुणे येणार असतात, मग वाक्य आपण सुधारून देतो, चित्र आपण नीट करतो, उच्चार घोटून घेतो, आणि शेवटी व्हिडिओ सुंदर होतो पण मूल त्यात कुठेच नसतं. दाताच्या गोष्टीत ती मुलगी "जिभेने" ऐवजी "जिबेने" म्हणते. तसंच ठेवलं. महिनाभराने तिनेच ऐकून ओळखलं.

शुद्धलेखनाला याचा थेट फायदा होत नाही हेही सांगायला हवं. ऱ्हस्व-दीर्घ कानाला ऐकू येतंच असं नाही, बोलताना तर आपण सगळेच एक करतो. त्यासाठी मी एक वाक्य चित्राखाली टाईप करायला लावते आणि ते दाखवण्याआधी जोडीदाराने तपासायचं, पण त्यासाठी वेगळा सराव लागतोच आणि तो मी वेगळा घेते.

बाकी, दाखवण्याचा दिवस मात्र नक्की ठेवा. समोर कोणीतरी ऐकणार आहे हे माहीत असलं की मुलं वेगळ्याच जिद्दीने लिहितात. आम्ही पहिलीच्या मुलांना बोलावतो, त्यांच्या हातात गोष्टीचा छापलेला कागद देतो आणि ती ऐकता ऐकता त्यावर बोट फिरवतात. दाताची गोष्ट एका पहिलीतल्या मुलाने तीनदा लावायला लावली, तिसऱ्यांदा तो थांब्याच्या जागी बोट उचलून वाट बघत होता.

या वर्षीच्या गोष्टी अजून कागदावरच आहेत, चौकोन भिंतीवर चिकटवलेत. एका मुलाचा चौथा चौकोन आठवडाभर रिकामा आहे. गोष्टीतलं मांजर झाडावर चढून बसलंय आणि ते खाली कसं येतं हे त्याला सुचत नाहीये. वर्गातल्या जवळपास प्रत्येकाने त्याला काही ना काही सुचवून झालंय, तो सगळ्यांना नाही म्हणतो. काल सुट्टीत बघितलं तर एकटाच भिंतीपुढे उभा राहून पहिले तीन चौकोन मोठ्याने वाचत होता, शेवटपर्यंत आला की परत पहिल्यापासून.