कापराचा वास

अनंत चतुर्दशीची नाइट होती. इंदूरचे लोक जाणतात, त्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे सजवलेले देखावे, निघतात आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. कॅज्युअल्टीत आम्ही चक्कर आलेले, पडून हातपाय मोडलेले असे पेशंट येतील म्हणून तयारीत होतो, आणि साडेनऊच्या सुमारास स्कूटरवरून एक दोन वर्षांचं पोर आलं. बाबा चालवत होते, मागे आजी पोराला पदरात गुंडाळून बसलेली, रामबागेतून गल्लीबोळातून काढत आले म्हणे.

पोराला फिट चालू होती. डोळे वर, जबडा घट्ट, ओठ निळे पडत चाललेले. बाबा हिंदीत सांगत होते, "बस दस मिनट से झटके आ रहे हैं, बुखार भी नहीं था". पाच मिनिटांवर गेलेली फिट आपणहून थांबायची वाट बघत बसायचं नसतं, म्हणून कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, सिस्टरने बोट टोचून शुगर बघितली, ११२, म्हणजे शुगर कमी झाल्यामुळेही फिट नव्हती. शीर सापडेना, एवढासा गुबगुबीत हात, मग फिट थांबवायचं औषध, मिडॅझोलॅम, नाकातून दिलं आणि दोनेक मिनिटांनी अंग सैल पडलं.

आता कारण काय? ताप नाही, पडलेला नाही, आधी कधी फिट नाही. आणि वास येत होता कापराचा, पण त्या दिवशी तर सगळ्यांच्याच कपड्यांना कापूर-उदबत्तीचा वास होता, आजीच्या पदराला तर होताच, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. हे मला अजून टोचतं.

कोपऱ्यात आजी पुटपुटत होत्या, "गणराया, माझीच चूक झाली रे". मी मराठीत विचारलं, "आजी, काय झालं, नीट सांगा, मी रागावणार नाही". त्या एकदम रडायला लागल्या. निरोपाच्या आरतीनंतर सगळे विसर्जनाच्या गडबडीत, कापराची डबी पाटावरच उघडी राहिली, शेजारी वाटीत खडीसाखर, पोराने दोन्हींत हात घातला असेल. थोड्या वेळाने उलटी झाली, मग शेजारणीने सांगितलं म्हणून घरच्यांनी मिठाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यात फिट. बाबांना डबीचं ठाऊकच नव्हतं.

मी वाकून पोराच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास श्वासातूनच येत होता. सक्शन केलं तर नळीला एक पांढरा कण चिकटून आला, तांदळाच्या कणीएवढा.

कापूर पोटात गेला की फार लवकर रक्तात शिरतो, कधी पाच-दहा मिनिटांतच फिट येते, आणि लहान मुलात एक ग्रॅमनेसुद्धा जीवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. त्याला उतारा असा नाही, फिट आवरायची आणि श्वास सांभाळायचा. आणि उलटी मुद्दाम करवायची नाही, कारण फिट आली की तेच पाणी फुफ्फुसात जातं. पोट धुवायच्या मागे आम्ही लागलोच नाही.

अर्ध्या तासाने परत फिट आली. तोवर शीर मिळाली होती, लोराझेपाम १.२ मिलिग्रॅम, बारा किलोच्या पोराला बसतो तेवढा डोस, वर परत फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासेटॅम, आणि उचलून मुलांच्या आयसीयूत. फुफ्फुसात पाणी गेलं असेल ही धास्ती रात्रभर होती, एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे सर्दी झाली की बाळाच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधतात, पोरं ती दिवसभर चोखतात, आणि कोणालाच ते विष वाटत नाही हो! त्या आजींनाही कुठून वाटणार.

सकाळी राउंडला गेले तर पोरगं जागं होतं, पेंगुळलेलं, पण आजीच्या बांगड्या ओढत होतं. आजींनी पिशवीतून ती डबी काढून माझ्यापुढे धरली, "मोजल्या मी, दोन वड्या कमी आहेत, हे लिहून ठेवा". मी केसपेपरवर लिहिलं.