१९१ पाहिजे, येते १९३

दोन वर्षं झाली, घरी बुद्धिबळाचं इंजिन लिहून राहिलो. स्वतः खेळतो अगदीच बेताचा, मोहल्ल्यातली पोरं दहा मिनिटांत मात देतात, पण प्रोग्रामला खेळायला शिकवायचं वेड वेगळंच. त्यात जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हापासून सासरी माझा भाव जरा वाढलाय. सासरे विचारतात, "जावईबापू, तुमचं मशीन दिव्याला हरवते का?" आता काय सांगू, माझ्या मशीनला अजून प्यादं नीट मारता येत नाही.

झालं असं की इंजिनचा पाया म्हणजे नियमाप्रमाणे चाली काढणं, आणि ते बरोबर जमलं का हे बघायला पर्फ्ट नावाची टेस्ट असते. अमुक पोझिशनपासून इतक्या चालींपर्यंत एकूण किती वाटा फुटतात ते मोजायचं आणि ठरलेल्या आकड्याशी ताडायचं. सुरुवातीच्या पटावरून एका चालीला २०, दोनला ४००, तीनला ८,९०२, पाचला थेट ४८,६५,६०९. माझे सगळे जुळले! त्या आनंदात रात्री बारा वाजता फ्रीजमधलं श्रीखंड संपवलं (त्याचा हिशोब वेगळा झाला). मग एंडगेमची एक ठरलेली पोझिशन लावली, मोजकीच मोहरी, पांढऱ्याची एक चाल आणि काळ्याची एक मिळून १९१ यायला पाहिजे. आले १९३.

लाखांत जुळते अन् इथं दोन जास्त. झोप गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार, तिघं फुटाळा तलावावर गेलो. पोरगी भुट्टा खात काहीतरी सांगत होती, मी "हो, छान" म्हटलं. तिने हात पुढे केला, मी परत "हो, छान". हातात तिचा पडलेला दात होता, भुट्ट्यात अडकून निघालेला, थोडं रक्त पण. बायको मला म्हणाली, "लॅपटॉप घरी ठेवला ना, मग तू बी घरीच राहायचा होता." यावर काही बोलायला जागाच नव्हती.

खरं तर माझा प्रॉब्लेम वेळेचा नाहीच. लॅपटॉप बंद होतो पण डोकं चालूच राहते. म्हणून आता सकाळी पाच ते साडेसहा, नळ यायच्या आधी, तेवढंच. आणि लॅपटॉपवरून उठताना चिठ्ठीवर लिहायचं की उद्या कुठली ओळ बघायची, म्हणजे दिवसभर ते चघळत बसत नाही. निम्मे दिवस जमते.

बग आँ पासाँचा निघाला. प्यादं दोन घरं उडालं की शेजारचं प्यादं त्याला एकच घर चालल्यासारखं मारते, म्हणजे आडव्या रांगेतून दोन्ही प्यादी एकदम उठतात. रांगेत एकीकडे काळा राजा, दुसरीकडे पांढरा हत्ती. माझा कोड मधे एकटंच मोहरं असलं तर ते बांधलेलं (हललं की राजाला शह, म्हणून हलवता न येणारं) समजायचा, दोन दिसली की बिनधास्त. पण दोन्ही गेली की राजा उघडाच!

मंगळवारी पावणेसहाला १९१ आले. घर झोपलेलं, सांगू कोणाला? पोरगी उठून ब्रश करत होती तेव्हा तिला सगळं समजावून सांगितलं, हत्ती, राजा, दोन प्यादी, सगळं. तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाली, "हो, छान."