अकरा महिन्यांत तीनदा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास टोचन करून एक जीप दुकानापुढे आली. चाळीसगावात धुळे रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पत्र्याखाली त्या वेळी पाना हातात धरवत नाही, म्हणून मी आणि पोऱ्या दोघंही आडवे झालो होतो. जीप बघितली आणि उठून बसलो. पाटणादेवीच्या बाजूला राहणाऱ्या नानांची गाडी. अकरा महिन्यांत तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा अल्टरनेटरसाठी, म्हणजे चालू गाडीत वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्रासाठी.

नाना संभाजीनगरच्या दवाखान्यातून सुनेला आणि नातवाला घेऊन येत होते. कन्नड घाट निम्मा उतरल्यावर लाल लाईट लागली. नानांनी ती सोडून दिली, कारण बॅटरीचा लाईट म्हणजे बॅटरीचं काहीतरी, घरी गेल्यावर बघू. पुढच्या वळणावर एकदा ब्रेक लागला, दुसऱ्यांदा कमी लागला, तिसऱ्यांदा...

"पेडल दगड व्हई गयं भाऊ," नाना म्हणाले. हात अजून थरथरत होते. माणूस साठीच्या पुढचा, पण डोकं जागेवर. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हॅण्डब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. "देव पावना," एवढंच दोनदा म्हणाले. सूनबाई गाडीतून उतरल्याच नव्हत्या, पोराला घट्ट धरून बसल्या होत्या.

इलेक्ट्रिकवाल्याकडे ब्रेकचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढतं, त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा डबा, चालतो. डिझेलला तशी ओढ नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. नानांच्या गाडीत, आणि तसल्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत, हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. शाफ्ट एकच. पुढून पट्टा फिरवतो, मध्ये वीज तयार होते, मागे पंप व्हॅक्यूम करतो. पट्टा गेला की चार्जिंग गेलं, त्याच पट्ट्यावरचा पाण्याचा पंप गेला आणि ब्रेकची मदतही गेली. बूस्टरमध्ये उरलेलं व्हॅक्यूम एक-दोन दाबांना पुरतं. त्यानंतरही ब्रेक लागतो, फक्त पेडलवर उभं राहावं लागतं, आणि घाटात हे समजेपर्यंत वळण आलेलं असतं. लाल लाईट आणि ब्रेक यांचा हा संबंध गाडी विकताना कुणी सांगत नाही. मीही तोवर कुणाला सांगितला नव्हता.

बॉनेट उघडलं. पट्ट्याच्या चिंध्या फॅनमध्ये अडकलेल्या, आणि त्या तेलानं चिंब. अल्टरनेटर खाली उतरवला तर जाळीच्या भोकांतून काळं पाझरत होतं. मागचं झाकण काढलं. आत कार्बनची भुकटी आणि इंजिन ऑईल यांचं काजळासारखं लिंपण. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्यावरच्या स्लिप रिंगा म्हणजे कड्या दिसतच नव्हत्या. त्या रिंगांना टेकून करंट देणारे कार्बनचे ठोकळे होल्डरमध्ये चिकटून बसलेले, स्प्रिंग दाबते पण कार्बन पुढे सरकत नाही. कार्बन रिंगला टेकलाच नाही तर रोटरला करंट मिळत नाही, चुंबक तयार होत नाही, आणि कॉइल कितीही चांगली असली तरी बाहेर काही येत नाही. म्हणजे पट्टा तुटायच्या आधीपासूनच चार्जिंग पडत चाललेलं असणार.

नोव्हेंबरमध्येही आत हेच निघालं होतं. तेव्हा मी पंपाचं तेल अल्टरनेटरमध्ये येऊ न देणारा ऑईल सील बदलला, कार्बन टाकले, रिंगा पॉलिश पेपरनं साफ केल्या आणि सगळा दोष बाजारातल्या डुप्लिकेट सीलवर ढकलला. डुप्लिकेट माल आहेच, खोटं बोललो नव्हतो. एक वापरून झालेला सील तर नव्या पाकिटात घालून आला होता, तो अजून दुकानात खिळ्याला लटकवलाय. पण सहा महिन्यांत दुसरा सीलही गेला म्हटल्यावर दोष सीलचा नसतो. सीलवर मागून कुणीतरी जोर करतंय.

मागच्या व्हॅक्यूम पंपाला इंजिनमधून बारीक पाइपानं ऑईल मिळतं आणि एका जाड नळीतून ते परत खाली इंजिनात पडतं. परतीची वाट अडली तर पंपात तेल साचतं, दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे सीलमधून, अल्टरनेटरमध्ये घुसतं. मी परतीची नळी काढली. बाहेरून नवी कोरी, मऊ, एक चीर नाही. नोव्हेंबरमध्ये मी ती बोटांनी दाबून बघितली होती आणि पोऱ्याला म्हटलंही होतं, नळी चांगली आहे, हात लावू नको.

या वेळी एक टोक पुसून तोंडात धरलं आणि फुंकलं. गाल फुगले, हवा पलीकडे जेमतेम गेली. ब्लेडनं उभी चिरली. आतलं रबर फुगून गादीसारखं झालं होतं, मधलं भोक काडेपेटीच्या काडीएवढं. आणि बाहेरच्या अंगावर अर्धवट पुसलेली पांढरी अक्षरं. ही ऑईलची नळी नव्हतीच. हीटरच्या पाण्याची नळी होती. गरम पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते, इंजिन ऑईलमध्ये तिचं रबर फुगतं.

ती मीच टाकली होती.

गेल्या जूनमध्ये नानांची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा अल्टरनेटर आपल्या आयुष्यानंच गेला होता. 1 लाख 40 हजार किलोमीटर झालेले, कार्बन घासून नखाएवढे उरलेले, मागचं बेरिंग घरघरत होतं. सरळ ओव्हरहॉलिंगचं काम. बसवताना जुनी रिटर्न नळी कडक होऊन तडकली. रात्रीचे नऊ, पार्टसची दुकानं बंद, नानांना सकाळी लग्नाला जायचं. कपाटात नळीचा तुकडा होता, मापाचा निघाला. क्लिपा आवळल्या. दोन दिवसांनी बदलून घ्या, असं म्हटलं होतं की नुसतं म्हणायचं मनात होतं, ते आज आठवत नाही. आठवून बघतो, नाही आठवत.

अल्टरनेटर किती दिवस टिकतो, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. मी सव्वा ते दीड लाख किलोमीटर सांगतो, पण त्यात काही दम नाही. हायवेला एकसारखी पळणारी गाडी त्याच्याही पुढे जाते. लग्नसराईत ज्या गाडीवर ॲम्प्लिफायर आणि दिव्यांच्या माळा चढतात, तिचा वर्षभरात जळतो, कारण वरातीत इंजिन जेमतेम फिरत असतं, आतला पंखा हळू, हवा नाही आणि भार मात्र पूर्ण. डायोड आणि रेग्युलेटर मरतात ते उष्णतेनं. आमच्याकडे मेमध्ये बाहेर 44-45 असतं, बॉनेटखाली काय होत असेल ते हात घालणाऱ्याला विचारा. जिनिंगकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतू बसतात, मी चिमट्यानं गोळे काढलेत.

लोकांचा हातभार वेगळाच. बॅटरी पार झोपली की दुसऱ्या गाडीवरून जंप मारायची आणि तशीच हायवेला पळवायची. मेलेली बॅटरी पूर्ण भरायचं काम अल्टरनेटरचं नाही, ते चार्जरचं. त्यात लाल-काळी वायर उलटी लागली तर डायोड ठिणगीबरोबरच जातात. आणि मिस्तरी लोकांची ती जुनी परीक्षा, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं, बंद पडली तर डायनामो खराब. माझ्या उस्तादानंही मला हेच शिकवलं. डायनामोच्या जमान्यात चालून गेलं असेल, आज त्या झटक्यात डायोड आणि कधी कधी कॉम्प्युटरही उडतो. साधा मीटर लावावा. बंद गाडीत 12.6 व्होल्ट, चालू केल्यावर 14 च्या आसपास. चालू असून 12 च्या खाली उतरत गेला तर बॅटरी एकटीच ओढतेय. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो, तिथे घाई करू नये. पण बॅटरीवाल्याला मीटर लावण्यात रस नसतो. नाना दिवाळीला त्याच्याकडे गेले होते.

"बॅटरी तर दिवायीलेच नवी टाकी व्हती," नाना म्हणाले. ती बॅटरीसुद्धा माझ्याच नळीनं विकली, असं आता हिशेब करताना वाटतं.

संध्याकाळपर्यंत काम केलं. अल्टरनेटर पूर्ण खोलून पेट्रोलनं धुतला, वाळवला, स्टेटर म्हणजे न फिरणारी कॉइल तपासली. नवे कार्बन, बेरिंग, सील, पट्टा. ऑईलचीच नळी, दुकानात जाऊन स्वतः आणली. इंजिन चालू करून नळीचं खालचं टोक डब्यात धरलं, तेलाची धार मोकळी पडली तेव्हा जोडलं. 14.2 आले. ब्रेक पाच-सहा वेळा दाबून बघितला, मग नानांना बसवून स्टेशनपर्यंत चक्कर मारून आणली.

"आते किती दिन टिकी हाई?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाना, दोष अल्टरनेटरचा नव्हताच. नळी खराब होती, ती बदलली."

हे खरं आहे. नळी कुणी लावली होती, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे. नानांनी बळंच दोनशे रुपये पोऱ्याच्या खिशात कोंबले.

त्यानंतर त्यांच्या गावाकडून तीन गाड्या आल्या. तिघंही म्हणाले, नानांनी पाठवलं, तुम्ही बरोबर दोष पकडता म्हणे. तिसऱ्याला तर नानांनी घाटाची अख्खी गोष्ट सांगितली होती, आणि त्या गोष्टीत मी वाचवणारा होतो. पोऱ्या ऐकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पाना शोधायला आत गेला. जूनच्या त्या रात्री टॉर्च त्यानंच धरली होती.

चिरलेली नळी ड्रॉवरमध्ये आहे. नाना रविवारी ऑईल बदलायला येणार आहेत.